मशीनले एक दिवस आराम

केवळराम : हात नको लावू. बटन तं बिलकुलच नको दाबू. आतापावतर कितीदा चालू-बंद केलं?

चंद्रकुमार : सहा-सात खेपा असन, काकाजी. दसऱ्याच्या सकाळी आलो, तं चालूच होऊन नाही राहिलं. मंग दिवसभर तेच करत बसलो.

केवळराम : अन् दर खेपेले वाटलं, आता उठन.

चंद्रकुमार : हो.

केवळराम : बस त्या स्टुलावर. पाणी पी पहिले. फोनवर तू रडत होता का बोलत होता, मले समजलंच नाही. जवाहरनगरहून इथवर गाडी चालवत आलो, डोक्यात तेच.

चंद्रकुमार : रडत नव्हतो.

केवळराम : रडला असता तरी काही बिघडलं नसतं. सांग आता, पहिल्यापासून.

चंद्रकुमार : नवमीले खांडेपूजा होते ना आपल्या इथं. डॉक्टर आपल्या अवजारांची पूजा करतेत, ड्रायव्हर अँब्युलन्सची करते, मी सर्व्हरची. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. दरसाल होते. पण दरसाल मशीन चालूच राहते. यंदा बंद केलं. संध्याकाळी पाचले बंद केलं, दसऱ्याले सकाळी सातले चालू कराले आलो. चार डिस्कातल्या दोन मेलेल्या.

केवळराम : किती वर्षांत बंद केलं नव्हतं?

चंद्रकुमार : सात.

केवळराम : सात वर्षं फिरत असलेलं चाक थांबवलं, तं ते पुन्हा फिरनच याची ग्यारंटी कोणी देत नाही रे बाबू. म्हातारी डिस्क चालू हाये तोवर चालू हाये. आम्ही बंद कराच्या आधी कॉपी घ्यावो, ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावो, अन् मंग बटनाले हात लावावो. अप्रेंटिस होता तू माह्या हाताखाली, तुले शिकवलं होतं हे.

चंद्रकुमार : शिकवलं होतं.

केवळराम : मंग कॉपी कुठी हाये?

चंद्रकुमार : तुम्ही चहा घेता का, काकाजी?

केवळराम : चंदू, मी तुले बॅकअप विचारून राहिलो.

चंद्रकुमार : त्याच्यातच हाये.

केवळराम : त्याच्यातच म्हणजे?

चंद्रकुमार : काकाजी, पहिले इथं पाच डबे होते. पेशंटच्या नोंदणीचा एक, लॅबचा एक, औषधाचा एक, एक्स-रेचा एक, अन् एक बॅकअपचा. उन्हाळ्यात खोली अशी तापे का एसी पुरे ना. मंग मी व्हर्च्युअल केलं. डबा एकच, मोठा. पण आतमंदी पाच मशीनी वेगवेगळ्या चालतेत, एकीले दुसरीची खबर नाही. लोकं म्हणत, चंद्रकुमारनं जादू केली. ट्रस्टींनी शाल-श्रीफळ देल्लं मले.

केवळराम : अन् त्या पाचातली पाचवी बॅकअपची.

चंद्रकुमार : हो. तेही आतच. दोन दिवसासाठी म्हणून ठेवलं होतं.

केवळराम : दोन दिवसाचे सात वर्षं झाले.

चंद्रकुमार : पण रोज संध्याकाळी स्नॅपशॉट घेत होतो, काकाजी, त्या दिवसाची जशीच्या तशी प्रत. एकही दिवस चुकवला नाही.

केवळराम : स्नॅपशॉट कुठी होते?

चंद्रकुमार : त्याच डिस्कांवर.

केवळराम : तुह्या घरी आंबागडले बिजाईचं धान कुठी ठेवतेत?

चंद्रकुमार : ते... वेगळं ठेवतेत. मोठ्या ढोल्यात नाही टाकत. बाबा तं अर्धं मामाच्या घरी नेऊन ठेवतेत.

केवळराम : काहून?

चंद्रकुमार : आपल्या घरी काही झालं, उंदरं लागले, आग लागली, तरी पुढच्या सालचा रोवणा हुकला नाही पाहिजे म्हणून.

केवळराम : तुह्या बापानं जिंदगीत कॉम्प्युटर नाही पाह्यला. त्याले हे समजते.

चंद्रकुमार : सांगू नका, काकाजी. दोन दिवसांपासून हेच मनात येऊन राहिलं. अकराशे पेशंट हायेत नुसते सिकलसेलचे. कोणाले कवा रक्त देल्लं, कोणाले कोणती गोळी सोसत नाही, सगळं त्याच्यात. उर्वशी सिस्टर दोन दिवसांपासून रजिस्टरवर हातानं लिहून राहिल्या. सकाळी एक बाई तुमसरहून पोराले घेऊन आली, म्हणे मागच्या खेपेले रक्त चढवतानी याले त्रास झाला होता, ते तुमच्या कॉम्प्युटरात लिहून हाये. मी तिच्याकडं पाह्यलं नाही. मले तिथून पळून जावंसं वाटलं.

केवळराम : पोराचं काय झालं?

चंद्रकुमार : डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. ठीक हाये तो. पण अर्धा दिवस गेला, पोरगं दुखण्यानं कण्हत बसलं होतं.

केवळराम : बरं. आता ऐक. या डिस्का आपण नागपूरच्या लॅबले नेऊ. डेटा काढतेत ते लोकं. त्याच्या आधी नवीन काही टाकाचं नाही, स्क्रीनवर काहीही विचारलं तरी हो म्हणाचं नाही. मार्कर दे. कोणती डिस्क कोणत्या खणात होती तो नंबर टाकाचा. अदलाबदल झाली तं लॅबवाल्याच्यानंही जुळणार नाही.

चंद्रकुमार : निघन का काही?

केवळराम : पाहू. रिपोर्ट देल्ला का वरते?

चंद्रकुमार : संध्याकाळपावतर द्याचा हाये. ट्रस्टींची मीटिंग हाये सहाले. कारण लिहून मागतलं.

केवळराम : काय लिहिलं?

चंद्रकुमार : मी नाही लिहिलं अजून. पण सेवकराम साहेबांनी ठरवून टाकलं हाये. आमचे मॅनेजर. ते म्हणतेत, रंभाबाईनं पूजेत मशीनवर पाणी सांडलं.

केवळराम : रंभाबाई कोण?

चंद्रकुमार : सफाईवाली. शहापूरहून येते. पंधरा वर्षं झाले तिले इथं. तिनंच हट्ट धरला होता यंदा, का मशीनले एक दिवस आराम द्या म्हणून.

केवळराम : मंग सांडलं का पाणी?

चंद्रकुमार : नाही ना. मी उभाच होतो इथं. तिनं आंब्याचं पान तांब्यात बुडवलं अन् चौकटीवर दोन थेंब शिंपडले. मशीनले तं कोरडं कुंकू लावलं, तेही बाहेरून, पत्र्यावर.

केवळराम : अन् हे तू मॅनेजरले सांगतलं.

चंद्रकुमार : त्यांनी मले विचारलं नाही.

केवळराम : चंदू.

चंद्रकुमार : गप्प राहिलो, काकाजी. त्यांनी तिले सगळ्यांसमोर म्हटलं, उद्यापासून या खोलीत पाय नाही ठेवाचा. आज म्हणून राहिले का कामावरूनच काढतो, मीटिंगमंदी ठराव घेतो. अन् मी दोन दिवसांपासून गप्प हावो. पाणी नाही सांडलं म्हटलं, तं दुसरा सवाल येईन, मंग झालं काय? तिसरा येईन, बॅकअप कुठी हाये? भेव लागलं मले. घरात कमावणारा मी एकटा. आई-बाबाचं औषध, अंजू यंदा दहावीले.

केवळराम : भेव लागते. मी तुह्या जागी असतो तं मलेही लागलं असतं.

चंद्रकुमार : तुम्ही रागवा ना मले. रागवलं असतं तं बरं वाटलं असतं.

केवळराम : रागवाले मी नाही आलो. हे तीन नंबरची डिस्क काढू दे. हे कवा मेली?

चंद्रकुमार : तेही त्याच दिवशी. दोन्ही संगंच.

केवळराम : संगंच कशा मरतीन? हे चार नंबरची अडकली असन, उठतानी. तसं होते. पण ही तीन नंबरची हात लावला तं निराळी वाटते मले. यातली एक डिस्क गेली तरी बाकीच्या तिघी गाडा ओढतेत, म्हणून तं चार टाकतेत. दोन गेल्या का गाडा बसला. मले वाटते ही पहिलेच गेली होती. अलार्म नाही वाजला?

चंद्रकुमार : अलार्म मीच बंद केला होता. मागच्या उन्हाळ्यात रोज करंट जाये, मशीन यूपीएसवर चाले, अन् तो रोज वाजे.

केवळराम : लाल लाइट तं लागली असन समोर.

चंद्रकुमार : मले काही तसं...

(रंभाबाई दाराशी येऊन थांबते. चपला बाहेर काढलेल्या, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही.)

रंभाबाई : साहेब, कामात हा का? म्या आत नाई येत. बंदी हाये मले. दारातूनच बोलून जाईन.

चंद्रकुमार : मावशी... या ना. हे केवळराम काकाजी, माहे गुरू. मशीन पाहाले आले.

रंभाबाई : राम राम भाऊ. वाचन का हो हे?

केवळराम : राम राम बाई. पाहून राहिलो.

रंभाबाई : वाचू दे बाप्पा. दोन दिस झाले, मले घास गिरून नाई राह्यला. साहेब, सेवकराम साहेबानं हा कागद देल्ला. सही करून पाचच्या आत आनून द्या म्हने. मले सही येते, पन वाचाले वखत लागते. तुमी एकडाव वाचून सांगा, बराबर हाये का. मंग सही करून टाकीन.

केवळराम : वाच चंदू. मोठ्यानं वाच.

चंद्रकुमार : ‘मी, रंभाबाई परसराम मेश्राम, सफाई कर्मचारी, लिहून देते की, खांडेपूजेच्या दिवशी माझ्या निष्काळजीपणामुळे सर्व्हर मशीनवर पाणी सांडले व त्यामुळे रुग्णालयाचे मोठे नुकसान झाले. माझी चूक मला मान्य आहे. माझ्यावर होणाऱ्या कारवाईस माझी कोणतीही हरकत नाही.’

रंभाबाई : बराबर हाये का?

केवळराम : पाणी सांडलं होतं का बाई?

रंभाबाई : नाई भाऊ. तांब्या म्या दाराबाहीरच ठेवला होता. पन आता मोठे मानसं म्हनून राह्यले तं एखांदा थेंब उडालाही असन. मी का मशीनच्या पोटात शिरून पाह्यलं? अन् पान्याचं जाऊ द्या, चूक तं माहीच हाये.

केवळराम : कोणती चूक?

रंभाबाई : आराम द्या म्हटलं ते. म्या नसतं म्हटलं तं साहेबानं कायले बंद केली असती? पन माहा जीव राह्यला नाई ना भाऊ. तिची तब्येत बरी नाई हे मलेच पयले दिसलं. तिची लाइट लाल झाली होती.

केवळराम : कवा?

रंभाबाई : तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या वर झालं. म्या झाडू माराले खाली वाकली, तं सगळ्या हिरव्या अन् एक लाल. तितंच, भाऊ, तुमचा हात हाये तितं. म्या तवाच साहेबाले सांगतलं. सांगतलं ना साहेब? तुमी इतंच बसले होते.

केवळराम : मंग साहेब काय म्हणले?

रंभाबाई : असू द्या म्हनले मावशी, होते असं. कामात होते ते, कॉम्प्युटरात काहीतरी वाचून राह्यले होते. मंग म्या रोज पाह्यलं. रोज लालच. म्या मनात म्हटलं, बैलाले सालातून एक दिस पोळा राह्यते, त्या दिशी त्याच्या खांद्यावर कोनी जू नाई ठेवत. अन् हे बिचारी सात वर्सं झाली, रात नाई का दिस नाई. थकली असन. म्हनून नवमीले हट्ट केला. मले का मालूम का आराम देल्ला का ते उठतच नाई.

केवळराम : चंदू, बाई म्हणते ते खरं हाये का?

चंद्रकुमार : हो.

केवळराम : आतापावतर ध्यानात नव्हतं, का सांगाचं नव्हतं?

चंद्रकुमार : दसऱ्याले सकाळीच ध्यानात आलं. दोन डिस्का मेलेल्या दिसल्या तवाच. मी ते स्वतःलेच सांगत नव्हतो.

केवळराम : वाचत काय होता त्या दिवशी?

चंद्रकुमार : बातम्या. ज्या सॉफ्टवेअरवर हे व्हर्च्युअल मशीनी चालतेत त्याचे लायसनचे दर वाढले ना, तं सगळीकडचे आयटीवाले सोडून राहिले ते, अन् फुकटच्याकडं जाऊन राहिले. मीही दिवाळीत जायाचं ठरवलं होतं. दोन महिने त्याचंच वाचत होतो. त्या दिवशी सल्ले वाचून राहिलो होतो, नवीन सॉफ्टवेअरवर जातानी आयटीवाल्यानं काय काळजी घ्याची. दहा सल्ले होते.

केवळराम : पहिला कोणता होता?

चंद्रकुमार : पहिले आपलं मशीन ठीक हाये का ते उठून पाहा. अन् बॅकअप डब्याच्या बाहेर ठेवा.

केवळराम : वाचलं तू.

चंद्रकुमार : वाचलं, अन् खाली निशाणीही केली. मले वाटलं, दिवाळीत सगळं एकसंगंच करून टाकू.

रंभाबाई : मले काही समजून नाई राह्यलं भाऊ. लाइट लाल होती म्हंजे का होतं?

केवळराम : त्याले विचारा, बाई. तो सांगन.

चंद्रकुमार : मावशी, त्याच्यात चार डिस्का असतेत. त्यातली एक त्या दिवशी मेली होती. तुम्हाले दिसलं ते बराबर होतं. एक मेली तरी मशीन चालते, पण तवाच नवीन टाकाले लागते. तुम्ही सांगतलं तवा मी उठलो असतो, तं दहा मिनिटाचं काम होतं. कपाटात नवीन डिस्क पडली होती.

रंभाबाई : मंग आराम देल्ला म्हनून नाई झालं हे?

चंद्रकुमार : दुसरी डिस्क आरामात अडकली. पण पहिली बदलली असती, तं एक अडकल्यानं काहीच झालं नसतं. तुमच्यानं काहीच नाही झालं, मावशी. पूजेनंही नाही, पाण्यानंही नाही.

रंभाबाई : खरं सांगता ना? का माह्या मनाले बरं वाटावं म्हनून?

चंद्रकुमार : खरं सांगून राहिलो.

रंभाबाई : देवा. दोन रात झाले, मी देवाले म्हनून राह्यली का माह्याच हाताले काय झालं. लोकाईचे लेकरं हायेत त्याच्यात, त्याईचे रिपोर्ट. उर्वशी सिस्टर लिहून लिहून हात दुखते म्हनत होती, तं म्या रोज संध्याकाळी तिचा हात चेपून देल्ला. अजून का करू म्हटलं.

चंद्रकुमार : मले मालूम नव्हतं.

रंभाबाई : तुमाले कसं मालूम राहीन, तुमी तं इतून उठलेच नाई. बरं... मंग आता कागदावर कोनाचं नाव येईन?

चंद्रकुमार : माहं.

रंभाबाई : मंग तुमाले काढतीन का?

चंद्रकुमार : काढतीनही.

रंभाबाई : मंग राहू द्या ना साहेब. कागद तं तयारच हाये. मले इतं दीडच वर्स राह्यलं. पोरं आपापल्या धंद्याले लागले, दोन एकर धानाची बांधी हाये, आमा दोघाईले पुरते. मले सफाईवालीले कोन का म्हनते? दोन दिस बोलतीन, विसरतीन. तुमचं नाव खराब झालं तं तुमाले दुसरीकडं कोन ठेवन? तुमची अंजू अजून शिकून राह्यली. पेन द्या, मी सही करून टाको.

केवळराम : माह्याकडं नको पाहू, चंदू. मी डिस्का बांधून राहिलो.

चंद्रकुमार : मावशी, तो कागद मले द्या.

रंभाबाई : सही नाई केली ना अजून.

चंद्रकुमार : तसाच द्या. मले लाज वाटून राहिली, मावशी. तुम्ही दोन रात जागल्या अन् मी इथं बसून विचार करत होतो का पाणी नाही तं निदान ओलं कुंकू तं लावलं नसन. खरंच सांगतो, शोधत होतो मी. तुमच्यावर काही ढकलता येते का म्हणून.

रंभाबाई : भेलं मानूस काय काय शोधते. जाऊ द्या.

चंद्रकुमार : जाऊ नाही देत. काकाजी, तो कोरा कागद द्या तिकडचा.

केवळराम : घे. अन् लिहिता लिहिता वाच. बाईले ऐकू दे.

चंद्रकुमार : ‘मशीनमधील एक डिस्क तान्ह्या पोळ्याच्या सुमारास बंद पडली होती. तिचा लाल दिवा सर्वांत आधी रंभाबाई मेश्राम यांना दिसला व त्यांनी मला लगेच सांगितले. मी तो पाहिला नाही. अलार्म मीच बंद करून ठेवला होता. बॅकअप त्याच मशीनमध्ये ठेवण्याचा निर्णय माझा होता. पूजेच्या वेळी मी स्वतः हजर होतो. मशीनवर पाणी सांडले नाही.’

केवळराम : ‘तांत्रिक बिघाडामुळे’ कुठी आलं नाही याच्यात.

चंद्रकुमार : नाही आलं.

केवळराम : बरं केलं. खाली हेही लिही का यापुढं तीन कॉप्या राहतीन, अन् एक कॉपी या बिल्डिंगच्या बाहेर. अन् दर महिन्याले ती उघडून पाहण्यात येईन. तुले ठेवलं तं तू करशीन. नाही ठेवलं तं तुह्या जागी येईन तो करन. पेशंट तं तेच राहतीन.

चंद्रकुमार : लिहितो. काकाजी, खरं सांगा, निघन का डेटा?

केवळराम : तीन नंबरचा भरोसा नाही. चार नंबरची नुसती अडकली असन, तं लॅबवाले तिले एकदा फिरवून घेतीन. एकदा फिरली तरी पुरे, तेवढ्यात सगळं उतरवून घेतेत. शंभर टक्के नाही म्हणत मी. तू सात खेपा बटन दाबलं नसतं तं जास्त भरोशानं बोललो असतो.

रंभाबाई : निघन भाऊ. लेकराईचं हाये ते.

केवळराम : तुमच्या तोंडात साखर पडो, बाई. चंदू, मी गाडी काढतो. मीटिंग तू एकटा कर. डिस्का मी नेतो, नागपूरहून रात्री फोन करीन.

चंद्रकुमार : मीही येतो ना संगं.

केवळराम : नाही. तू हा कागद घेऊन वरते जा. पाच वाजाच्या आत, बाईच्या कागदाची वाट पाहतीन ते, त्याच्या आधी.

रंभाबाई : साहेब, एक विचारू का? तुमी रागवान तं नाई?

चंद्रकुमार : विचारा मावशी.

रंभाबाई : आता मी आत येऊ का? दोन दिस झाले, इतं कोनी झाडूच नाई मारला. पाहा बरं, केवढा कचरा होऊन राह्यला.

चंद्रकुमार : या ना मावशी. तुमचीच खोली हाये. अन्... यापुढं काहीही दिसलं तं सांगजा मले.

रंभाबाई : सांगीन ना. मी तं पयलेही सांगतलं होतं. तुमी उठून पाहजा.